शाहीर म्हणावं की गीतकार-गायक?

प्रश्न सोलापुरातूनच आला आहे. पेठेतले एक शाहीर गेल्या महिन्यात गेले. स्वतः रचायचे, स्वतः चाल लावायचे आणि डफ घेऊन स्वतःच उभे राहायचे. त्यांच्या स्मृतिसभेचा फलक करताना तरुण मुलांनी ‘ज्येष्ठ गीतकार, संगीतकार व गायक’ असा मजकूर काढला. म्हातारी माणसं ‘शाहीर’च लिहा म्हणून अडून बसली. मुलांचं म्हणणं असं की शाहीर म्हणजे शिवजयंतीला पोवाडे म्हणणारा, आणि यांनी तर सगळ्या तऱ्हेची गाणी केली. बरोबर कोण? शिवाय ‘शाहीरांना’ लिहायचं की ‘शाहिरांना’, आणि नावाआधी ‘कै.’ लावायचं का?

म्हातारी माणसं बरोबर आहेत. मुलांचा हेतू चांगला आहे, हेही सांगायला हवं. आपल्या माणसाचा मान वाढावा म्हणून त्यांनी एकाचे तीन शब्द केले. पण त्या तीन शब्दांत माणूस तीन ठिकाणी वाटला गेला.

‘गीतकार’ हा शब्द आपल्या कानांवर रुळला तो सिनेमा आणि आकाशवाणीमुळे. तिथे कामांची वाटणी असते. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं चाल लावायची, तिसऱ्यानं गायचं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा शब्द माडगूळकरांचे आणि चाल सुधीर फडक्यांची. तिथे ‘गीतकार’ अगदी चपखल बसतो, कारण गीतकाराचं काम कागदापाशी पुरं होतं. शाहिराचं काम कागदापाशी पुरं होत नाही. कित्येकदा ते कागदावर सुरूही झालेलं नसतं. डफावर थाप पडते, झीलकरी म्हणजे मागे सूर धरणारे साथीदार धृपद उचलतात आणि समोरची माणसं मान हलवतात, तेव्हा कुठे ते कवन उभं राहतं.

म्हणूनच शाहिराच्या बाबतीत मराठीची क्रियापदं वेगळी आहेत. कवन करतात, रचतात, जोडतात, गाणं बांधतात. फलकावर ‘त्यांनी असंख्य गीते लिहिली’ असं असेल, तर तेवढं ‘रचली’ करा. जात्यावरच्या बाईनं ओवी लिहिली असं कुणी म्हणतं का? ती ओवी गाते, आणि गाता गाता ती तयार होते.

आता शब्दाचं मूळ. अरबीत ‘शाइर’ म्हणजे कवी. त्याच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ आहे जाणणं, उमगणं. ज्याला उमगतं तो शाइर. शेर, मुशायरा, शऊर हे सगळे त्याच घरातले. ‘शाइर’मध्ये आ आणि इ हे दोन स्वर शेजारी आले. उर्दू-हिंदीत बोलताना त्यांच्या मध्ये ‘य’ आला आणि शायर झाला. आपल्या जिभेनं ‘ह’ घातला आणि शाहीर झाला. शाह, शाही, बादशाही यांच्याशी त्याचं काही नातं नाही. ते फारसी राजाचे शब्द. ‘लोकशाहीर’ या शब्दाची फोडही लोक + शाहीर अशीच करायची. ‘लोकशाही’ला र जोडून तो झालेला नाही, जरी ऐकायला ते गोड वाटत असलं तरी.

सोलापुरात हे दोन्ही भाऊ एकाच गावात नांदतात. मुशायऱ्यात बसतो तो शायर, आणि फडात उभा राहतो तो शाहीर. अर्थ किती वेगळे झाले पाहा. शायर शेर ‘अर्ज’ करतो, गायलाच पाहिजे असं त्याच्यावर बंधन नाही. मराठीत आल्यावर त्याच शब्दात गळा शिरला, डफ-तुणतुणं शिरलं, मागचे साथीदार शिरले. १९४७ साली पेशवाईतले शाहीर राम जोशी यांच्यावर बोलपट निघाला. मराठीत त्याचं नाव ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि हिंदीत ‘मतवाला शायर राम जोशी’. माणूस एकच, शब्दही मुळात एकच. पण ‘मतवाला शायर’ ऐकल्यावर डोळ्यांपुढे जो उभा राहतो, तो आपला शाहीर नव्हे.

राम जोशी तर सोलापूरचेच. तमाशाच्या नादापायी त्यांना घर सोडावं लागलं. पुढे पंढरपूरला विद्या शिकले आणि संस्कृतानं नटलेल्या लावण्या रचू लागले. मुलांच्या शंकेला हेच उत्तर आहे. शाहीर म्हणजे पोवाडेवाला एवढाच अर्थ असता, तर राम जोशींना शाहीर कुणी म्हटलं नसतं, कारण त्यांचं नाव आहे ते लावणीसाठी. अनंत फंदींना आपण फटक्यासाठी, म्हणजे कानउघाडणी करणाऱ्या कवनासाठी ओळखतो, तेही शाहीरच. आणि होनाजी बाळा पाहा. होनाजी रचायचे आणि बाळा कारंजकर गायचे. गीतकार वेगळा आणि गायक वेगळा, असं खरोखरच होतं तिथे. तरी लोकांनी दोघांचं मिळून एकच नाव केलं. शब्द आणि गळा वेगळे ठेवणं मराठी कानाला मानवलंच नाही.

फार जुनं नको असेल तर बार्शीचे अमर शेख घ्या. मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचं पाळण्यातलं नाव. कामगारांची गाणी, संयुक्त महाराष्ट्राची गाणी, सगळं केलं. ‘कलश’, ‘धरतीमाता’ असे त्यांचे संग्रह छापलेलेही आहेत. पण माझे वडील कायम म्हणायचे, “मी अमर शेखांना ऐकलंय.” हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप चढायचा. पुस्तक त्यांच्या कपाटात होतं, तरी ‘वाचलंय’ हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. १९६९च्या जुलैत अण्णा भाऊ साठे गेले आणि ऑगस्टमध्ये अमर शेख. कम्युनिस्ट चळवळीच्या लाल बावटा कलापथकातले दोन आवाज सहा आठवड्यांत थांबले. वडील त्या पावसाळ्याबद्दल बोलू लागले की मध्येच गप्प व्हायचे.

व्याकरणाचं थोडक्यात. वकील–वकिलांना, गरीब–गरिबांना, तसंच शाहीर–शाहिरांना. विभक्ती लागली की ‘ही’ ऱ्हस्व होते. मात्र पुढे नाव आलं की शब्द जसाच्या तसा राहतो, म्हणजे ‘शाहीर अमर शेख यांना’.

राहिलं ‘कै.’. कैलासवासी हा शिवाच्या घरचा शब्द, वारकऱ्यांत वैकुंठवासी म्हणतात, मुसलमान माणसासाठी पैगंबरवासी लिहितात. धर्म न आणता लिहायचं तर ‘दिवंगत’ आहेच, आणि तो चुकीचा नाही. तरी मी तोही लावणार नाही. अमर शेखांना जाऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली, पण ‘कै. शाहीर अमर शेख’ असं बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही. ‘शाहीर’ हीच त्यांच्या नावाची पहिली अक्षरं झाली आहेत. ‘तुका म्हणे’ तसं शाहीरही कवनाच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. पुढे ते कवन कुणीही गायलं तरी त्या ओळीशी आल्यावर ते नाव घ्यावंच लागतं.

तेव्हा फलकावर वर ‘शाहीर’ आणि त्यांचं नाव, एवढंच मोठ्या अक्षरांत येऊ द्या. खाली त्यांच्याच एखाद्या कवनाचं शेवटचं कडवं घाला, नाव गुंफलेलं. आणि सभा सुरू करताना ते वाचू नका. त्यांच्या झीलकऱ्यांपैकी जो कुणी असेल, त्याच्या हातात डफ द्या.