राखणदाराचा पगार कोणत्या तिजोरीतून?

प्रश्न : आम्ही नौपाड्यातील काही निवृत्त शिक्षिका गेल्या महिन्यात अंबरनाथचे शिवमंदिर पाहून आलो. तिथे तिकीट नव्हते. मग देखभालीचा आणि राखणदाराचा खर्च कोण करते? आम्ही वर्गणी काढून एक माणूस नेमला तर चालेल का?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : चालणार नाही. हे मंदिर 1958 च्या कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक असल्याने त्याची डागडुजी, निगा आणि पहारा हे सारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे आणि त्याचा पैसा केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या अंदाजपत्रकातून येतो. बाहेरचे रस्ते आणि दिवे ही मात्र नगर परिषदेची बाब. त्यामुळे परिसराच्या सुशोभीकरणाला मंजूर झालेली रक्कम कितीही मोठी असली, तरी तिच्यातून आतल्या राखणदाराचा पगार निघत नाही. तिकिटाचे म्हणाल, तर जिथे ते आहे तिथलेही पैसे त्या स्मारकाच्या गल्ल्यात राहत नाहीत, भारताच्या एकत्रित निधीत जमा होतात.

खरी ओढाताण माणसांची आहे. संसदेच्या स्थायी समितीच्या 2022 च्या अहवालानुसार केंद्राच्या अखत्यारीतील सुमारे 3,700 स्मारकांसाठी 7,000 सुरक्षा कर्मचारी लागतात. निधीअभावी नेमता आले ते 2,578, आणि तेही केवळ 248 ठिकाणी. दुरुस्तीचा खर्च एकदाच मंजूर करून घेता येतो, पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो आणि (थोडे कडवट वाटेल, पण) पगाराच्या कामाची फीत कापता येत नाही.

याचा परिणाम दगडावर दिसतो. शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा शिलालेख असलेल्या अशा मंदिराच्या सांध्यात पक्ष्याने टाकलेले पिंपळाचे बी पावसाळ्यात रुजते. रोप दोन बोटे उंच असताना रोजचा माणूस ते चिमटीने उपटतो. तेच काही पावसाळे राहिले, तर मुळे दगड सरकवतात. मग परांची बांधून, दगडांवर क्रमांक टाकून, ते उतरवून पुन्हा बसवण्याची वेळ येते.

आपल्या वर्गणीसाठी रीतसर वाट आहे ती 1996 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीची. तिथे देणगी कोणत्या स्मारकासाठी आहे हे देणगीदाराला सांगता येते आणि आयकरात सवलतही मिळते. तरी माझ्या मते आपण आधी माहिती अधिकारात पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे एक अर्ज करावा : या मंदिरासाठी मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि रिक्त पदांची मागणी शेवटची कधी पाठवली? शुल्क 10 रुपये आहे.