वर्दी दिली की फिर्याद दिली?

कोल्हापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. पेपरात 'भावाने पोलिसांत वर्दी दिली' असं वाचून त्यांच्या सहावीतल्या मुलीने विचारलं, 'वर्दी म्हणजे पोलिसांचे कपडे ना? मग ते पोलिसांनाच कशाला दिले?' शेजारच्या बातमीत 'फिर्याद दिली' असं होतं. दोन्ही एकच का, आणि ११२ ला फोन केला तर त्याला काय म्हणायचं, असं ताईंना हवं आहे.

मुलीचं चुकलं नाही. खाकी वर्दी तिच्या कानावर रोज पडते. पण मराठीत वर्दी म्हणजे कळवणं, सूचना पोचवणं हाही अर्थ चांगला रुळलेला आहे. आग लागली की अग्निशमन दलाला वर्दी जाते आणि वर्दी मिळाली की बंब निघतो. तिच्या शाळेचे रिक्षावाले मामासुद्धा 'सकाळी दोन वर्द्या आहेत' म्हणतात. तिथे वर्दी म्हणजे आधी सांगून ठरवलेली फेरी. मला हा अर्थ 'कळवणं' यातूनच पुढे सरकलेला वाटतो.

आता फिर्याद. फारसीत फर्याद म्हणजे आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. 'दाद ना फिर्याद' म्हणतो तेव्हा ती हाक अजून ऐकू येते. त्यातली दादही फारसीच, म्हणजे न्याय. फिर्यादीत माझ्यावर किंवा माझ्या माणसावर अन्याय झाला, कुणीतरी गुन्हा केला, असं म्हणणं असतं. म्हणून फिर्यादीसमोर आरोपी उभा राहतो. आरोपी अनोळखी असला तरी चालतं. घरफोडी झाली, गळ्यातली चेन ओढून नेली, तर फिर्याद.

वर्दीत असा आरोप नसतो. विहिरीत मृतदेह दिसला, कुणी झाडावरून पडून गेलं, तर जे घडलं ते कळवणारा वर्दी देतो. त्यावर अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चाले, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालतं. गावात पोलीस पाटील देतात तीही वर्दीच. आपल्याकडच्या बातम्यांच्या शेवटी 'सीपीआर पोलीस चौकीत नोंद झाली' असं येतं (सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय), त्यामागेही बहुधा दवाखान्यातून गेलेली वर्दी असते. चौकशीत घातपात निघाला तर पुढे गुन्हा दाखल होतो. म्हणजे एकाच घटनेत आधी वर्दी आणि नंतर फिर्याद, असंही घडतं.

म्हणूनच हल्ली अपघाती मृत्यूच्या बातमीत सरसकट 'तक्रार दिली' छापलेलं मला खटकतं. घरातलं माणूस गेलेल्या भावाने कुणाविरुद्ध तक्रार केलेली नसते. वाचणाऱ्याच्या मनात मात्र उगाच संशयाची पाल चुकचुकते. 'खबर दिली' त्या मानाने बरं. कायद्याच्या मराठीत 'प्रथम खबर' (एफआयआरमधली) आहेच. पण बोलण्यात खबर शब्दाला खबऱ्याची छाया लागली, शिवाय 'खबर घेणे' म्हणजे खडसावणं. वर्दीला असं काही चिकटलेलं नाही.

११२ चा फोन? ती वर्दी. 'राजारामपुरीत मारामारी चालली आहे, लवकर या' एवढं सांगितलं की गाडी निघते, पण अशा त्रोटक निरोपाला सहसा प्रथम खबर मानत नाहीत. फिर्याद वेगळी द्यावी लागते. नव्या संहितेच्या कलम १७३ नुसार ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. ताई, हे ध्यानात ठेवा. फोन केला म्हणजे फिर्याद झाली, असं समजून बरेच जण घरी बसतात.

मुलीला समजावताना व्याख्या सांगू नका. 'आगीची फिर्याद मिळताच बंब निघाला' असं वाक्य तिला मोठ्याने वाचायला लावा. कुठे खटकतं ते तीच सांगेल.