कमीत कमी कष्टात गॅरेज सेल कसा करावा? प्रत्येक वस्तूवर किंमत लिहावीच लागते का?

घर आवरताना निघालेलं सामान एका दिवसात, फार न राबता कसं विकावं, आणि प्रत्येक वस्तूवर किंमतीची चिठ्ठी लागते का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लागत नाही. "चिठ्ठी नसेल तर गिऱ्हाईक न विचारताच निघून जातं" हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय आणि खोडलाय की आता सगळं लिहूनच ठेवतो.

गिऱ्हाईक निघून जातं ते किंमत कळली नाही म्हणून, हे खरं. पण ती वस्तूवरच चिकटलेली हवी, हे कुणी ठरवलं? वस्तू उचलणं, भाव ठरवणं, लिहिणं, चिकटवणं याला मिनिटभर धरलं तरी तीनशे वस्तूंचे पाच तास होतात. शेवटच्या तासाला भाव उतरवायचे म्हटले की त्या तीनशे चिठ्ठ्या खोट्या ठरतात. शिवाय त्या गळतात, अदलाबदल होतात, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून काढताना वरचा पापुद्रा घेऊन येतात. पाच तास घालवून हे पदरात पडणार असेल तर त्याला व्यवस्थितपणा म्हणू नका.

त्याऐवजी भावानुसार टेबलं लावा. तीन, फार तर चार भाव. ते असे निवडा की प्रत्येक भाव एका नाण्यात किंवा एका नोटेत बसेल; मग सुट्ट्यांचा अर्धा त्रास तिथेच संपतो. घर आवरायला घ्याल त्याच दिवशी प्रत्येक भावाचं एक पुठ्ठ्याचं खोकं मांडा आणि वस्तू हातात आली की थेट त्यात टाका. दोन भावांमध्ये मन अडकलं तर खालच्या खोक्यात. विक्रीच्या सकाळी खोकं टेबलावर रिकामं करायचं आणि मागे मोठ्या अक्षरांत भावाचा पुठ्ठा उभा करायचा. वेगळा भाव लागेल अशा वस्तू दहा-पंधराच निघतात: कपाट, सायकल, शिलाई मशीन. तेवढ्यांवर कागदी मास्किंग टेप लावून लिहा. ती दिवसभर टिकते आणि काढताना सहसा डिंक मागे राहत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, लोक महाग टेबलावरची वस्तू स्वस्त टेबलावर ठेवून पैसे द्यायला येतील. एखादा येईलही. त्यावर उपाय सोपा आहे, एका जातीच्या वस्तू एकाच भावात ठेवा. सगळी पुस्तकं एक भाव, सगळी भांडी एक भाव, लहान मुलांचे सगळे कपडे एक भाव. भांड्यांचा भाव एकच असेल तर पातेलं कुठल्याही टेबलावरून आलेलं असो, पैसे घेणाऱ्याला तो तोंडपाठ असतो.

भाव किती ठेवावा? रोजच्या वापरातल्या वस्तूला आजच्या नव्या किंमतीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. खोक्यासकट, न वापरलेली असेल तर तिसरा हिस्सा. घरात कुणीतरी "अहो, घेतली तेव्हा केवढ्याला घेतली होती" असं म्हणणारच. घेतानाच्या किंमतीचा इथे काहीही संबंध नाही. दहा वर्षं माळ्यावर पडलेल्या वस्तूचा भाव समोर उभं असलेलं गिऱ्हाईकच ठरवतं. ज्या वस्तूबद्दल जीव तुटतो ती विकायला काढूच नका.

मांडणीत एवढं पाळा की माल कंबरेच्या उंचीवर असावा. जमिनीवरच्या चादरीवर ठेवलेलं फारसं खपत नाही, कारण लोक वाकत नाहीत. टेबलं कमी पडली तर दोन स्टुलांवर जुनी फळी किंवा दार आडवं टाका. पुस्तकं कणा वर करून खोक्यात उभी लावा, चळत नको. मोठं सामान रस्त्याच्या बाजूला, म्हणजे लांबून नजरेत भरतं. विजेच्या वस्तूंजवळ एक्स्टेन्शन बोर्ड ठेवा आणि रिमोट त्या-त्या वस्तूला टेपने बांधा. चालवून दाखवलेला पंखा विकला जातो, "चालतो हो" म्हटलेला तिथेच राहतो. मोठ्यांचे कपडे कमी खपतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

रस्त्यावरच्या पाटीवर "गॅरेज सेल", तारीख, वेळ आणि बाण, इतकंच. अक्षरं वीतभर उंच. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या बाजूंवर लिहून आत दगड टाकला की पाटी वाऱ्याने पडत नाही. प्रत्येक वळणावर एक पाटी हवी.

वेळ सकाळी आठ ते बारा पुरे, आणि तीही एकच दिवस. दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं पाहायला कुणी येत नाही. जुना माल घेऊन पुढे विकणारे ठरलेल्या वेळेच्या आधीच दारात उभे राहतात आणि सगळ्यात चांगली वस्तू मागतात. त्यांना पहिल्या तासात भाव उतरवून देऊ नका. घासाघीस करणाऱ्याला "आणखी दोन वस्तू घ्या, मग एकत्र बघू" म्हणा. माल हलतो आणि हुज्जतही होत नाही.

पैशांचा डबा टेबलावर ठेवू नका, कमरेला बांधायची पिशवी घ्या. मोठी नोट आली तर सुटे परत देईपर्यंत ती हातात दिसेल अशी धरा, म्हणजे "मी याहून मोठी दिली होती" हा वाद उद्भवत नाही. मोबाइलवरून पैसे आले तर समोरच्याच्या स्क्रीनवर विसंबू नका, आपल्या फोनवर जमा झालेले दिसले की मगच वस्तू द्या. दोन माणसं हवीत, एक पैशांना, एक मालाजवळ. घराचं दार बंद.

अकरा वाजता पुठ्ठे उलटा, मागच्या बाजूला निम्मा भाव आधीच लिहून ठेवलेला असू द्या. चार पुठ्ठे उलटले की सगळा सेल निम्म्यावर येतो. चिठ्ठ्यावाल्यांनी हे चार मिनिटांत करून दाखवावं. साडेअकरानंतर "पिशवी भरा, एकच रक्कम द्या".

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सोसायटीची किंवा स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते का, ते पाट्या लिहिण्याआधी विचारा. आपटलेलं हेल्मेट, अपघातातून निघालेली किंवा मुदत संपलेली मुलांची कारसीट विकू नका. आतली इजा बाहेरून दिसत नाही. जुना फोन देताना आधी खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. पर्सचे कप्पे, कोटाचे खिसे, पुस्तकांची पानं, ड्रॉवरची मागची बाजू तपासा, तिथे नोटा आणि कागदपत्रं सापडतात. दागिने, जुनी घड्याळं, चित्रं जाणकाराला दाखवल्याशिवाय टेबलावर आणू नका. शेजाऱ्यांसोबत सेल करणार असाल तर भावाची टेबलं पुरत नाहीत, हे मान्य करतो. तेव्हा हिशेबासाठी प्रत्येक घराचा एक रंगीत ठिपका वस्तूवर लागेलच.

उरलेला माल न्यायला देणगी घेणाऱ्या संस्थेची गाडी त्याच दुपारची आधीच ठरवून ठेवा, आणि गाडी येईपर्यंत खोकी बाहेरच राहू द्या.