एएफएल या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधील क्लब ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, तरुण खेळाडू कसे निवडतात आणि घडवतात?

आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या क्लबला ड्राफ्टमध्ये आधी निवड करता येते. मात्र ज्याच्या वडिलांनी एखाद्या क्लबकडून किमान १०० सामने खेळले असतील, त्या मुलाला तो क्लब ‘फादर-सन’ नियमानुसार प्राधान्याने घेऊ शकतो. निवड झालेली बहुतेक मुले जेमतेम अठरा वर्षांची असल्याने धाव आणि उडी यांच्या चाचण्यांतील आकड्यांपेक्षा, दमछाक झाल्यावरही मुलगा योग्य निर्णय घेतो का, याला माझ्या मते अधिक वजन द्यायला हवे.

घडवण्याचा खरा कस उंच खेळाडूंबाबत लागतो. दोन मीटरहून उंच असलेल्या मॅक्स गॉन याला मेलबर्नने २००९ मध्ये ३४व्या क्रमांकावर निवडले, हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात तो प्रथम २०१६ मध्ये आला आणि २०२१ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली क्लबने विजेतेपद मिळवले. दोन हंगामांत निकाल मागणाऱ्या व्यवस्थापनाने असा खेळाडू कदाचित गमावला असता. ॲडलेडने २००७ मध्ये निवडलेल्या पॅट्रिक डेंजरफिल्डला तर बारावी पूर्ण करण्यासाठी वर्षभर व्हिक्टोरिया या त्याच्या घरच्या राज्यातच राहू दिले होते. उशिरा फुलणारेही असतातच: टॉम स्टुअर्टला जिलाँगने २०१६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, निवडले.