परदेशी कंपनीच्या मालाची किंमत सरकार बांधू शकतं का, की गुंतवणूक करारांनी हात बांधलेले असतात?

शकतं. बांधलेलीही आहे. करारांचं खाली सांगतो, आधी सरकीच्या बॅगचं सांगू द्या.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाण्यांच्या दर नियंत्रणाचा आदेश काढला आणि मार्च २०१६ मध्ये बोलगार्ड-२ ची (बोंडअळीला मारायला जनुक घातलेल्या बीटी कपाशीची) ४५० ग्रॅमची बॅग ८०० रुपयांना बांधली. त्यातलं मोन्सँटो या अमेरिकी कंपनीच्या तंत्रज्ञानाचं शुल्क १६३ च्या आसपास होतं, ते ४९ वर आणलं. २०२० मध्ये तर शून्यच केलं.

२०१६ च्या मिरगात बाबा आणि मी पांढरकवड्याच्या बाजारात गेलो. पाऊस येऊन गेला होता, वाफसा होता, सगळ्यांनाच घाई. बाबांना एकच वाण पाहिजे होतं, शेजारच्या शिवारात ज्याची पराटी (कपाशी) बोंडांनी लदबदली होती ते. दुकानदार म्हणाला, "माल नाही काकाजी." दहा मिनिटांनी मागून बॅगा निघाल्या. दर दोन बॅगांमागे टॉनिकची एक बाटली घ्यायची, ३५० रुपये. सहा बॅगा, तीन बाटल्या. बिलावर मात्र बॅग ८०० चीच! मी तोंड उघडलं तर बाबांनी हात दाबला, कारण खताची उधारी त्याच दुकानात होती. ज्यांनी हे लिंकिंग पकडायचं, त्यांना मी नंतर अर्ज दिला. पोच मिळाली, बस.

पोळ्याला नागपूरहून आतेभाऊ आला. तेव्हाच बातमी होती की मोन्सँटोने तणनाशकाला दाद न देणाऱ्या नव्या कपाशीचा परवानगीचा अर्ज मागे घेतला. दादाने पुरणपोळी खाता खाता निकाल दिला, "पाहा, तुमच्या ८०० रुपयांनी कंपनी पळवली. आता सरकारला आंतरराष्ट्रीय लवादात ओढतील."

कशाच्या जोरावर ओढतील? परदेशी गुंतवणूकदार सरकारला थेट लवादापुढे नेतो तो दोन देशांत तसा करार असेल तर. भारत-अमेरिका असा करार नव्हता. म्हणून भांडण दिल्ली हायकोर्टात गेलं. हां, कंपन्या तिसऱ्या देशाच्या दाराने येतात हे खरं. दाभोळमधल्या एन्रॉनच्या अमेरिकी भागीदारांनी मॉरिशसच्या कराराचा आधार घेऊन आपल्याला लवादात ओढलं होतं. पण करार असला म्हणून सरकार मुकं होत नाही. त्याच २०१६ च्या जुलैत एवढाशा उरुग्वेने सिगारेटच्या पाकिटांच्या नियमांवरून फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीला लवादात हरवलं. आपण २०२० मध्ये व्होडाफोन आणि केर्न या परदेशी कंपन्यांपुढे लवादात हरलो ते मागच्या तारखेने कर लावण्याच्या हट्टापायी. नियम सगळ्यांना सारखा, पुढच्या तारखेपासून आणि लोकांच्या भल्यासाठी असेल तर तो बहुतेक टिकतो. शिवाय २०१५ च्या आपल्या नमुना करारात (इतर देशांशी बोलणी करताना सरकार पुढे ठेवतं त्या मसुद्यात) आधी पाच वर्षं इथल्या कोर्टात दाद मागा अशी अट आहे, आणि कराचा विषय त्यातून बाहेरच काढला आहे.

दादाचं अगदीच चूक नव्हतं, हेही लिहितो. अर्ज मागे घेताना कंपनीने धोरणातल्या अनिश्चिततेकडे बोट दाखवलं होतं, आणि तशा जातीची कपाशी आज आमच्याकडे 'चोर बीटी' म्हणून बिलाशिवाय विकली जाते. उगवली नाही तर कास्तकाराने दाद कोणाकडे मागावी? आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोलगार्ड-२ ची बोंडं पोखरली, तेव्हा ८०० ची बॅगही महागच पडली.

पण कंपनीने अर्ज मागे घेतला म्हणून दर बांधायचाच नाही, हे मला पटत नाही. सरकारने दिल्लीत बांधलेला दर पांढरकवड्याच्या काउंटरवर सुटला, तो कुठल्या कराराने सोडला नव्हता. तुम्ही बियाणं घ्याल तेव्हा पक्कं बिल मागा आणि लिंकिंग केलं तर बाटलीचंही नाव त्यावर लिहून घ्या. आम्ही घेतलं नाही. दादा हे वाचत असेल तर, तीनपैकी एक बाटली अजून गोठ्याच्या आढ्याला खोचलेली आहे, सीलसकट. पुढच्या पोळ्याला दाखवतो.