नकाशात आमचा भाग मध्यम धोक्याचा आहे. मग भूकंपाची तयारी कितपत करायची?

'मध्यम' वाचून निश्चिंत होऊ नका. असे नकाशे बहुधा 50 वर्षांत ओलांडला जाण्याची 10 टक्के शक्यता असलेला हादरा दाखवतात, तोही कठीण जमीन गृहीत धरून. गाळावर किंवा भरावावर वस्ती असेल तर गणित बदलतं. 1985 सालच्या भूकंपात मेक्सिको सिटी भूकंपाच्या केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर होती. तरी जुन्या तळ्याच्या चिखलावरची जमीन साधारण 2 सेकंदांच्या लयीत डोलली आणि त्या लयीशी जुळणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या. बुटक्या बऱ्याच वाचल्या. म्हणून आधी बोअरच्या नोंदींवरून मातीचे थर पाहा.

मग इमारती. खाली मोकळं पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले असतील, तर ती इमारत अभियंत्याकडून पहिली तपासून घ्या. सगळी हालचाल तळमजल्याच्या खांबांत एकवटते. खांबातल्या रिंगांचे, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळयांचे, हूक 90 अंशांत वाकवलेले असले की बाहेरचं काँक्रीट निखळताच ते उघडतात आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. हूक 135 अंशांत आत वळलेले हवेत. नव्या बांधकामात हे काँक्रीट ओतण्याआधीच बघता येतं, नंतर नाही.

घरातलं काम सोपं आहे. कपाट अँगलने भिंतीला जखडा, पण स्क्रू नुसत्या प्लास्टरमध्ये नको. पाणी माणशी रोज 4 लिटर, किमान 3 दिवसांचं. हादरा सुरू होताच जिन्याकडे धावू नका. खाली बसा, टेबलाखाली शिरा, त्याचा पाय धरून ठेवा. गॅस आणि मेन स्विच कोण बंद करणार, हे प्रत्येक मजल्यावर आधीच ठरलेलं असू द्या.