आभासी ध्वनिशास्त्र म्हणजे रेकॉर्डिंगला रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, लावणंच ना? यात संशोधन कुठे आलं आणि मैफल कुठे? आणि शिकायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुमची शंका रास्त आहे. या कामाला लागण्याआधी माझीही तीच समजूत होती. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे: संगणकाने उभी केलेली दुसरी जागा गाणाऱ्याला गातानाच ऐकू येते की नाही?

स्टुडिओत नंतर चढवलेला रिव्हर्ब गायकाच्या कानावर गाताना पडलेलाच नसतो. खरोखर घुमणाऱ्या जागेत मात्र माणूस नकळत लय उतरवतो, शब्द संपवून जरा थांबतो, आधीचा सूर विरू देतो. कोरड्या खोलीत नेहमीच्या लयीत गायलेल्या गाण्यावर 10 सेकंदांचा घुमारा ओतून पाहा, शब्दांचा नुसता चिखल होतो.

याचं मला आवडणारं उदाहरण इस्तंबूलच्या हागिया सोफियाचं, म्हणजे मूळच्या बायझंटाइन चर्चच्या भव्य वास्तूचं. तिथे आवाज विरायला जवळपास 11 सेकंद लागतात. ती वास्तू संग्रहालय होती त्या काळात तिथे गाण्याला मनाई होती. मग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये तिथे चक्क फुगे फोडले आणि त्यांचा आवाज रेकॉर्ड केला. त्यावरून त्या जागेचा इम्पल्स रिस्पॉन्स काढला, म्हणजे एका क्षणिक आवाजाला ती वास्तू काय उत्तर देते त्याची नोंद. फुगा हा काही आदर्श स्फोट नव्हे. खालच्या पट्टीत त्याची ताकद कमी पडते, सगळ्या दिशांना तो सारखा वाजत नाही, ती दुरुस्ती गणिताने करावी लागते. पुढे 2013 मध्ये कापेला रोमाना या गायकवृंदाने स्टॅनफर्डच्याच सभागृहात बायझंटाइन स्तोत्रं गायली, ती त्या आभासी हागिया सोफियात. गायकांच्या तोंडाजवळ माइक, त्यांच्या आवाजाचं त्या रिस्पॉन्सशी तिथल्या तिथे कन्व्होल्यूशन (आवाजाच्या प्रत्येक क्षणाला त्या जागेचं उत्तर जोडून सगळ्याची बेरीज करणं) आणि भोवतालच्या स्पीकरांतून घुमारा.

‘तिथल्या तिथे’ म्हणायला सोपं आहे, खरी मेख तिथेच आहे. 11 सेकंदांचा रिस्पॉन्स सेकंदाला 48,000 नमुन्यांनी (म्हणजे क्षणोक्षणीच्या मोजमापांनी) नोंदवला तर एकूण 5,28,000 नमुने होतात. सरळ पद्धतीने गेलात तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नमुन्यासाठी तेवढेच गुणाकार, म्हणजे एका चॅनेलला सेकंदाला अडीच हजार कोटी. म्हणून रिस्पॉन्सचे तुकडे पाडतात. सुरुवातीचे लहान ठेवायचे म्हणजे फार उशीर होत नाही, शेपटीकडचे मोठे ठेवले की काम स्वस्तात होतं.

तरी थोडा उशीर उरतोच. पण गायकाचा थेट आवाज हवेतून श्रोत्यांपर्यंत पोचलेलाच असतो, संगणकाने द्यायचे ते फक्त परावर्तित आवाज. ज्या परावर्तनाची वाट थेट आवाजापेक्षा 7 मीटर लांब, ते तसंही सुमारे 20 मिलिसेकंद उशिराच येणार. आपला उशीर त्या फटीत लपवायचा. माझ्या पहिल्याच प्रयोगात रिस्पॉन्समधला थेट आवाजाचा भाग कापायला मी विसरलो होतो. प्रत्येक गायकाला स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येत होता, आणि चूक सापडेपर्यंत अर्धी तालीम ‘तुम्ही लय सोडताय’ म्हणत मी त्यांच्यावरच खापर फोडत होतो!

दुसरी डोकेदुखी म्हणजे स्पीकरांचा घुमारा माइकमध्ये परत शिरतो, तो पुन्हा घुमवला जातो आणि शेवटी शिट्टी सुटते. शिवाय ज्या सभागृहात तुम्ही बसलात त्याचा स्वतःचा घुमाराही असतोच. तो पुरेसा कोरडा नसेल तर वरून दुसरी जागा नीट बसत नाही. आणि लांब घुमाऱ्याच्या जागेत छोटी खोली उभी करणं स्पीकरांना जमत नाही, कारण ते आवाज मिळवतात, काढून घेत नाहीत.

संशोधन आणि सादरीकरण वेगळं का काढता येत नाही, ते यावरून लक्षात येईल. मापन कितीही काटेकोर असो, रिस्पॉन्समध्ये काय चुकलंय ते आलेखाआधी गायकाला कळतं. ‘इथे माझा आवाज मागे ओढला जातोय’ असं कुणी म्हटलं की मी आता मुकाट फाइल उघडतो.

सुरुवात कुठून करावी, हेही तुम्ही विचारलंय. हेडफोनपासून करा. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठाच्या ‘ओपनएअर’ संग्रहात अनेक जागांचे रिस्पॉन्स आहेत. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या आयईएम या संस्थेचा प्लगइन (ध्वनी-सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) संच फुकट आहे, तो अँबिसॉनिक्ससाठी, म्हणजे सगळ्या दिशांचा आवाज नोंदवून ऐकवण्याच्या पद्धतीसाठी, वापरा. श्रेणी जितकी वरची तितकी दिशा नेमकी: पहिल्या श्रेणीला 4 चॅनेल लागतात, तिसरीला 16. घाईने सातवीवर जाऊ नका, 64 चॅनेलांच्या जंजाळात काय चुकलं ते शोधताही येणार नाही. हेडफोनवर समोरचा आवाज मागून आल्यासारखा वाटला तर बिचकू नका. प्लगइनमध्ये बहुधा दुसऱ्याच कानांची मापं असतात, आणि मान वळवली तरी आवाज डोक्याबरोबरच फिरतो. मान टिपणारा सेन्सर जोडला की हा घोळ बराच कमी होतो.

आणि स्वतःची एखादी जागा मोजायची असेल तर फुग्याऐवजी स्पीकरवरून खालच्या पट्टीपासून वरपर्यंत चढत जाणारा स्वर वाजवा. ध्वनिशास्त्रज्ञ अँजेलो फरिना यांनी 2000 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत स्पीकरची स्वतःची विकृती बरीचशी वेगळी निघते. फक्त त्या वेळी पंखे बंद करा. मी एकदा ते विसरलो आणि दिवसभराची मापं टाकून द्यावी लागली.